रुद्रेशच्या घरातला डबा

पेडण्याच्या बाजारात गौरेशचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. यंत्राला हात लावायच्या आधी तो माणसांनाच भंडावतो. कधी बंद पडला? रोज त्याच वेळेला? तेव्हा तुम्ही काय करत होतात?

"अरे, कॉम्प्युटर आजारी आसा, मी नाय!" गिऱ्हाईक वैतागतं.

"कॉम्प्युटर खोटां सांगना नाय," गौरेश म्हणतो. "म्हणान तुमका विचारतंय."

दुकान खरं तर दोघांचं, गौरेशचं आणि रुद्रेशचं. गेल्या पावसात हायवेवर रुद्रेशची बाईक घसरली. दुकानाच्या पाटीवर अजून दोन्ही नावं आहेत. पण बाराव्याचं जेवण झाल्यापासून गौरेश धारगळला रुद्रेशच्या घरी गेलेला नाही. तिथे रुद्रेशची आई, गंगाकाकी, एकटीच राहते. तिच्यासमोर बसून काय बोलायचं, हे त्याला सुचत नाही.

काजूचा सीझन भरात आला आणि धारगळच्या सोसायटीतून त्याला बोलावणं आलं. सोसायटीचा सर्वर धारगळच्या ऑफिसात, आणि खरेदीचं केंद्र लांब चोपड्याला. तिथे तराजूवर काजू चढले की वजन इथल्या सर्वरवर यायचं आणि पावती तिथे छापून निघायची. पण मधेच कधीतरी चोपड्याला सर्वर दिसेनासा व्हायचा. लोक पोती घेऊन उन्हात ताटकळायचे. मग कोणी काही न करता सगळं परत सुरू.

गौरेशने सर्वरची वायर बदलली. कार्ड बदललं. चोपड्याला जाऊन तिथलीही वायर बदलली. आत मुंग्या शिरल्यात का, तेही बघितलं.

"आता दृष्ट तेवढी काढूची रवली," ऑफिसातली सेजल म्हणाली. "मिरच्यो हाडू?"

"हाड. तुझीपण काढतंय. फोन घेवन घेवन तोंड बघ कशां झालांहा."

फोन वाजलाच. चोपड्याहून. "सेजल, परत गेलां गो!"

गौरेशने लॅपटॉप पुढ्यात ओढला. काळ्या पडद्यावर ओळीमागून ओळ सरकत होती. लॅपटॉप सर्वरला सारखं विचारत होता, आहेस का, आणि सर्वर म्हणत होता, आहे. एकही ओळ चुकली नव्हती.

सेजल खुर्ची ओढून शेजारी येऊन बसली. "हंयसून विचारल्यार तो ओ दिता. चोपड्यासून विचारल्यार दिना नाय. म्हणजे सर्वर बरो आसा. बिघाड मधी खंयतरी आसा."

गौरेश वायर गुंडाळत राहिला.

"मी तुका विचारतंय, गौरेश. मधी काय आसा?"

"रुद्रेशचां घर," तो म्हणाला.

ऑफिस खोलगटात. पुढे माडांची रांग, तिथून सिग्नल चोपड्यापर्यंत पोचत नव्हता. म्हणून रुद्रेशने चोपड्याकडे तोंड करून डिश बसवली ती वरच्या अंगाला, स्वतःच्या घराच्या गच्चीवर. ऑफिसातून त्याच्या खोलीपर्यंत वायर ओढली. वायर आणि डिश जोडणारा छोटा डबा त्याच्याच टेबलावर ठेवला. गौरेशला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आधी बघायची जागा तीच होती. तेवढी सोडून त्याने सगळं तपासलं होतं.

सेक्रेटरी शंभूबाब दारात येऊन उभे राहिले. "काय रे, मेकॅनिक? जमता का म्हापशाची माणसां बोलावू?"

"जमता," म्हणून गौरेश उठला.

गंगाकाकी सोप्यावर काजू फोडत बसली होती. तिने मान वर केली.

"कोण रे हो? वाट चुकलो काय?"

"काकी, तसां नाय..."

"कसां नाय? जातंस येतंस, गाडीचो आवाज वळाखतंय मी तुज्या. बस. च्या ठेवतंय. पोदेर आताच पाव दिवन गेलो."

ती आत गेली. गौरेश रुद्रेशच्या खोलीत शिरला. पलंगावर चादर ताणलेली. टेबलावरचा कॉम्प्युटर चालू होता, आणि शेजारच्या डब्याचा एकही दिवा लागत नव्हता. लाईट होती. पंखाही फिरत होता. त्याने वाकून बघितलं. डब्याचं बटणच कोणीतरी बंद केलं होतं.

त्याने हात पुढे केला, तेवढ्यात स्पीकर ओरडला.

"आई! माका उठय गो! सर्वर पडलो!"

रुद्रेश. शेवटच्या शब्दावर हसू फुटलेला. आणि त्या हसण्याच्या मागे आणखी एक हसू होतं, गौरेशचं स्वतःचं.

दुकानात बसून दोघांनी हे रेकॉर्ड केलं होतं. रुद्रेशची झोप म्हणजे अंगावरून रोलर गेला तरी न मोडणारी. घरातला कॉम्प्युटरही त्याच डब्यातून सर्वरला जोडलेला. सर्वरने थोडा वेळ ओ दिली नाही की तो हाक मारणार, सर्वर परत ओ देईपर्यंत मारतच राहणार, आणि आई त्याला उठवणार.

"आयलंय रे बाबा, आयलंय!"

ओले हात घेऊन गंगाकाकी धावत आली. गौरेशला बघून उंबऱ्यावरच थांबली. मग त्याच्या बाजूने पुढे झाली आणि डब्याचं बटण चालू केलं. दिवे एकेक करून लागले. "आई! माका उठय..." एवढं म्हणून आवाज तुटला.

"काकी," गौरेश म्हणाला, "ह्यां तू बंद करतंस?"

"वायच वेळ. परत लावतंय मगे."

"हेच्यान चोपड्याक सगळां बंद पडता. लोक उन्हात उभी रवतत."

तिचा चेहरा पडला. "खऱ्यान? माका कोणी सांगूक नाय रे. माका वाटलां, एक दिवो जाता, एवढांच." ती पलंगाच्या कडेवर टेकली. "एकदा लाईट गेली आणि इली. डबो काय लागूक नाय. मी रांधपात होतंय. आणि तेणां हाक मारली. मी भाकरी टाकून धावत इलंय. हंय येवन बघतंय तर..."

पलंगाकडे तिने बघितलं नाही.

गौरेशने खिशातून फोन काढला. "मी तो आवाज फोनात घालून दितंय. तुझ्या फोनात. व्हया तेन्ना ऐक."

"नको."

"काकी, तोच आवाज आसा."

"तो मी बटण दाबल्यार बोलतलो. ह्यो माका हाक मारता. डबो बंद करतंय, कामाक लागतंय, विसरान जातंय. मगे तो बोलावता." तिने पदराने हात पुसले, पुसलेले हात परत पुसले. "तू ह्यो डबो घेवन जा, गौरेश. मी करूचंय नाय म्हणान सांगीन तुका, पण हात आवरूचो नाय माका. लोकांची पोती उन्हात कित्या?"

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या छपरावर उंच लोखंडी खांब उभा राहिला. गौरेशने गच्चीवरची डिश उतरवून त्यावर चढवली, डबा ऑफिसात आणून बसवला. ऑफिसची वायर काकीकडे जात होती तशीच ठेवली, फक्त आता ती सरळ रुद्रेशच्या कॉम्प्युटरला लावली. इकडचं टोक मात्र अजून मोकळं होतं, म्हणजे कॉम्प्युटरला सर्वर दिसत नव्हता. वरच्या घरातून हाक खाली येत राहिली.

"आई! माका उठय गो!"

"कोण बोवाळता?" सेजलने विचारलं. मग तिला आवाज ओळखू आला आणि ती रडायला लागली. शंभूबाब काहीतरी बोलायला आले होते. ते तसेच बाहेर जाऊन उभे राहिले.

चोपड्याहून फोन आला. पावत्या निघत होत्या. सोसायटीचं काम झालं होतं. वायरचं ते टोक लावलं काय, न लावलं काय, सोसायटीला फरक पडणार नव्हता. गौरेश ते हातात धरून बसून राहिला.

ऊन कलताना गंगाकाकी पाखाडी उतरून ऑफिसात आली. तिच्या मागून आवाज येतच होता.

"लावूक नाय तू?"

"व्हया तर रवांदे, काकी. कोणाक काय त्रास नाय हेचो."

"त्याका आसा," ती म्हणाली. "सकाळपासना आराडता. मी धा खेपे सांगलंय, उठ म्हणान. मी उठवन काय तो उठना नाय रे."

तिने गौरेशच्या खांद्यावर हात ठेवला. गौरेशने टोक डब्यात सरकवलं. छोटासा हिरवा दिवा लागला. वरच्या अंगाला एकदम शांत झालं, इतकं की हायवेवरच्या ट्रकचा आवाज ऑफिसात ऐकू यायला लागला.

काकी थोडा वेळ कान देऊन उभी राहिली.

"आता पडूचो नाय मगे सर्वर?"

"नाय, काकी."

"बरां काम केलंस," ती म्हणाली, आणि दाराची चौकट धरून खाली बसली.