बाजू जुळल्या, कर्ण जुळेनात

"चारी बाजू बरोबर हायेत, साहेब. खोदायला घेऊ का?" शंकर मिस्त्रीनं विचारलं.

नव्वदच्या दशकात मी एका ठेकेदाराकडे साइट इंजिनिअर होतो. ओतूरजवळच्या वस्तीवर बुद्धविहाराचा हॉल बांधायचा होता, वीस बाय तीस फुटांचा. जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं आखणी झाली होती. टेप लावली. समोरासमोरच्या बाजू अगदी सारख्या. मग मी एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी टेप धरली. हा कर्ण. आयताचे दोन्ही कर्ण सारखे असतात. इथं तीन फुटांहून जास्त फरक निघाला.

म्हणजे तो आयत नव्हताच. समांतरभुज चौकोन होता. तळ नसलेला पत्र्याचा डबा बाजूनं दाबला की बाजू तेवढ्याच राहतात, कोपरे मात्र कलतात. तसं झालं होतं. मिस्त्रीनं एक बाजू शेजारच्या हद्दीला धरली होती, दर्शनी बाजू रस्त्याला. रस्ता तिरपा होता.

ओतूरला जाऊन बूथवरून ठेकेदाराला फोन केला.

"छपराचे ट्रस बसतील ना?"

"ट्रस बसतील. पत्रे नाही बसणार. कडेला करवतीसारखे दाते निघतील. पाणी आत येईल."

"मग वस्तीवाल्यांशी बोल. काम थांबता कामा नये."

विहाराचं सगळं रोकडे भाऊ बघत. एसटीत कंडक्टर होते, नुकतेच रिटायर झालेले. मुलीचं लग्न याच हॉलमध्ये करायचं त्यांनी ठरवलं होतं.

मी म्हणालो, "दर्शनी भिंत रस्त्यालगत हवी, तर मागचा कोपरा शेजारच्या जागेत तीन फूट घुसेल."

त्या जागेचे मालक गेनूभाऊ तिथंच उभे होते. "घ्या की राव, तीन फुटानं काय व्हतंय?"

रोकडे भाऊ म्हणाले, "तुमी द्याल, भाऊ. पण उद्या तुमची पोरं विचारतील. विहार आमच्याच जागंत बसू द्या. साहेब, दुसरं काय करता येतंय?"

"दर्शनी भिंत फिरवायची. रस्त्यावरून हॉल वाकडा दिसेल."

"दिसू द्या. गळाया नको."

हॉल तेवढा मागं सरकवायला मोकळी जागा होती. दुसऱ्या दिवशी नवी आखणी केली, कर्ण जुळले, खोदाई सुरू झाली. लग्न त्याच हॉलमध्ये झालं. पावसाळ्यात पत्रा गळला नाही. समोर उरलेल्या त्रिकोणी तुकड्यात लोकांनी कट्टा बांधला. एसटीची वाट बघणारे तिथं बसू लागले आणि इंजिनिअरनं हॉल वाकडा बांधला म्हणू लागले.

चार बाजूंच्या लांब्यांनी चौकोन ठरत नाही. एक तरी कर्ण मोजावा लागतो, आणि तोही खोदायच्या आधी.