हांबुर्गचं साटंलोटं

एकट्या माणसाजवळ किस्से जास्त साचतात बरं का! घरात चार माणसं असली की दिवसभर घडलेलं संध्याकाळी सांगून मोकळं होता येतं. मी हांबुर्गला वर्षभर एकटा होतो. सांगायला कुणी नव्हतं, म्हणून साचत गेले. आता तुम्ही चहा पाजताय तर ऐका.

आमचं गाव बदनापूरजवळ. माझी शाळा उर्दूतून झाली, डेंटल कॉलेज इंग्रजीतून मुंबईला, आणि शेवटचं वर्ष जर्मनमधून. मराठी राहिली ती नुसती बोलायला.

◆

मुंबईच्या कॉलेजातला एक विद्यार्थी वर्षभर तिकडं जायचा आणि त्यांचा एक इकडं यायचा, अशी ती योजना होती. माझा नंबर लागला. गावात कुणाला खरं वाटेना. बदनापूर स्टेशनवर अर्धं गाव सोडायला आल्तं.

आमच्या दादाकाकाला मी पुन्हा पुन्हा समजावून सांगितलं. तो विडी विझवून म्हणाला, "दात शिकायला इतक्या लांब? त्या लोकांला काय जास्ती दात असत्यात का?"

"न्हाई काका. त्यांचा पोरगा आपल्याकडं येतो, मी त्यांच्याकडं जातो. बराबरीचा मामला आहे."

"आसं व्हय! मंग सरळ सांग की, साटंलोटं केलंय!"

सगळा प्लॅटफॉर्म हसला. माझे वडील, आबा, तेवढे हसले न्हाईत. गाडी हलली तसे डब्याबरोबर चालत म्हणाले, "साट्यातली पोर निदान दिवाळीला माहेरी येती रे."

◆

हांबुर्ग म्हणजे जुनं, मोठं बंदर. नदीतच जहाजं उभी. दुसरी मोठी लढाई संपून दहा वर्षं होत आल्ती, तरी काही गल्ल्यांत घरांच्या जागी नुसत्या भिंती होत्या. धुकं पडलं की जहाजांचे भोंगे ऐकू यायचे आणि जहाज दिसायचं न्हाई.

दवाखान्यात माझी पहिली पेशंट एक म्हातारी बाई. दात साफ केला आणि तिला चूळ भरायला सांगायचं होतं. जर्मनमध्ये चूळ भरण्याला 'श्प्यूलन' म्हणतात. आमच्या जिभेला तो 'श्प्यू' काही जमेना! मी अदबीनं म्हणालो, "बिट्टं श्पीलन!"

म्हातारी माझ्याकडं बघतच राहिली. मी पाण्याचा ग्लास दाखवला, पुन्हा म्हणालो, "श्पीलन, श्पीलन!"

शेजारच्या खुर्चीवर क्लाऊस काम करून राह्यला होता. माझ्याच वर्गातला, उंचापुरा, लाल केसांचा. तो हसता हसता खाली बसला. कारण मी तिला सांगत होतो, "कृपया खेळा!"

म्हातारी मात्र हसली न्हाई. हळूच म्हणाली, "खेळले असते डॉक्टर. पण आता माझ्याबरोबर खेळणारं कोण उरलंय?"

क्लाऊसचं हसू थांबलं. मंग तिनं स्वतःच ग्लास उचलून चूळ भरली.

◆

खाण्याचं विचारता ना? बटाटा! सकाळी बटाटा, रात्री बटाटा. एक दिवस बंदराजवळ पाखरांच्या खाद्याचं दुकान दिसलं. काचेत पोती मांडलेली, आणि एका पोत्यात चक्क ज्वारी! कबुतरांसाठी! मी रस्त्यातच उभा राहिलो. ओळखीचं कुणी भेटावं तसं झालं.

घरमालकीण पीटरसनबाई चांगली होती. तिनं तिची कॉफीची चक्की दिली. मी ज्वारी दळली, थापली, भाजली. भाकरी फाटली, करपली, कॉफीचा वास मारत होती. तव्याजवळ उभं राहूनच खाल्ली.

मंग दर शनिवारी जायला लागलो. दुकानदार एकदा पुडी बांधता बांधता म्हणाला, "तुमच्याकडं पाखरं किती आहेत?"

"एकच."

"एक? आणि एवढं खातं?"

म्हणालो, "लांबून आलंय हो."

त्यानं मूठभर दाणे वरून टाकले. "सांभाळा मंग. एकटं पाखरू फार टिकत न्हाई."

◆

आमचे प्रोफेसर हिन्झे. दोनच शब्द बोलायचे, "नोख आइनमाल." म्हणजे पुन्हा एकदा. मेणाची दाढ कोरून टेबलावर ठेवायची, ते भिंगातून बघणार, दोन बोटांत दाबून तिचा गोळा करणार आणि म्हणणार, "नोख आइनमाल!" जर्मन मुलंसुद्धा चळाचळा कापायची.

थंडी संपता संपता एकदा त्यांनी माझी दाढ उचलली. फिरवली. दाबली न्हाई. जशीच्या तशी खाली ठेवली आणि म्हणाले, "गुट." छान!

क्लाऊसनं येऊन माझा हात हातात घेतला. "माझे वडील यांच्याच हाताखाली शिकले. त्यांना उभ्या जन्मात हा शब्द मिळाला न्हाई!"

मी जवळजवळ पळतच घरी गेलो. पीटरसनबाई मोजे विणत बसल्ती. दारातूनच ओरडलो, "गुट!"

तिनं मान वर केली. "काय गुट?"

आता हे सगळं तिला कसं सांगावं? मेण, भिंग, ते दोन बोटांत दाबणं, आबांचा चेहरा... एवढं जर्मन मला येतच नव्हतं. म्हणालो, "हवा. हवा छान आहे."

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. बर्फ पडून राह्यलं होतं.

◆

रविवार सगळ्यात वाईट. दुकानं बंद, दवाखाना बंद, क्लाऊस त्याच्या घरी. सकाळपासून तोंडातून शब्द निघालेला नसायचा. मंग मी एक युक्ती काढली. स्टेशनवर जायचं आणि चौकशीच्या खिडकीवर गाड्या विचारायच्या. ब्रेमनला कधी? म्युनिकला कुठं बदलावी लागते? खिडकीतला गृहस्थ चष्मा पुसून बिलकुल न कंटाळता सांगायचा. मी "आभारी आहे" म्हणून घरी. जायचं कुठंच नसायचं!

असे बरेच रविवार गेले. एकदा सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "साहेब, एक सांगू का?"

मला वाटलं, आता हा हाकलतो.

म्हणाला, "पुढच्या रविवारी माझी सुट्टी आहे. खिडकीवर दुसरा माणूस असेल आणि तो जरा तुसडा आहे. तुम्ही शनिवारी येऊ शकाल का?"

◆

आणि आता इब्राहिमचं ऐका.

एका दुपारी क्लाऊस धावत आला. "जल्दी चल! तुमच्या देशाचा खलाशी आलाय, कुणाला काही कळेना!" मी मनात म्हटलं, आपला देश केवढा मोठा. बंगाली असेल, मद्राशी असेल. मला तरी काय कळणार?

खुर्चीत पांढऱ्या दाढीचा माणूस गाल धरून बसल्ता. क्लाऊसनं दाढेला हात लावला आणि तो किंचाळला, "अरे मेल्या, हळू!"

मी जागच्या जागी थिजलो. मराठी!

"काय म्हणतो?" क्लाऊसनं विचारलं.

"तुझे आभार मानतोय."

मी पुढं झालो. "चाचा, गाव कुठलं?"

त्यानं गालावरचा हात काढला. "दाभोळ. तुमचं?"

"जालन्याकडचा मी."

"कुठं आलं ते? बंदर हाय?"

"न्हाई हो. समुद्र फार लांब."

"मग तिथं लोक करतात काय?"

मला इतका आनंद झाला की घाईघाईत भुलीची सुई टोचून बसलो! अर्ध्या मिनिटात म्हाताऱ्याचं तोंड बधिर. नुसतं "हूं, हूं." दाढ काढली, कापूस दाबला, पण माझी टकळी थांबेना. आबा, काका, ज्वारी, बटाटे, पीटरसनबाई, सगळं सगळं सांगितलं. तो डोळे मोठे करून मान हलवत राहिला. शेवटी जहाजावरचा माणूस येऊन त्याला घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर इब्राहिमचाचा माझ्या खुर्चीत हजर! नेमके प्रोफेसर हिन्झे फेरीवर होते.

"चाचा, दुखतंय का?"

"दाढ एकदम बरी. काल सगळं तुम्हीच बोललात, मला बोलूच दिलं न्हाय! आज माझी पाळी. जहाज दुपारी सुटतंय."

"काय म्हणतो पेशंट?" प्रोफेसरांनी विचारलं.

मी घाईनं म्हणालो, "दुखतंय म्हणतो. कुठं, ते सांगता येत न्हाई."

प्रोफेसरांनी आरसा घेतला, वाकून त्याच्या तोंडात पाहिलं. मंग चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. दारातल्या पुढच्या पेशंटला क्लाऊसच्या खुर्चीकडं पाठवलं.

"असं दुखणं नीट तपासावं लागतं," ते म्हणाले. "घाई करू नका."

आणि आमच्या दोघांभोवतीचा पडदा त्यांनी स्वतःच्या हातानं ओढून घेतला.