हळू सुकलेला थेंब

पुण्याच्या प्रयोगशाळेत माझे थेंब बघता बघता सुकायचे. थेंबात सोन्याचे स्फटिक असत. प्रत्येक स्फटिक म्हणजे चौकोनी ठोकळा, केसाच्या जाडीहून हजारपटींनी लहान. पाणी उडत गेलं की ठोकळे जवळ येतात, सपाट बाजूला सपाट बाजू लागते आणि कोणी न रचता थरावर थर बसतात. माझ्याकडे मात्र नुसता ढीग व्हायचा. मार्गदर्शक म्हणाले होते, दिवाळीपर्यंत जमलं नाही तर विषय बदला.

घाई नडत असावी, असं मला वाटू लागलं होतं. म्हणून गणपतीला मालवणला घरी जाताना त्या स्फटिकांच्या पाण्याची कुपी सोबत नेली. आमच्याकडे त्या दिवसांत काहीच सुकत नाही. सिलिकॉनच्या दोन कपच्यांवर थेंब सोडले. एक वाटीखाली झाकली. दुसरी खिडकीत तशीच ठेवली.

दुपारी खिडकीतली गायब.

"आये, हयचो तुकडो खंय गेलो?"

"सुकणा नाय हुतो मां? चुलीवयर ठेवलंय. सुकलो पण."

पावसात जे सुकत नाही ते चुलीवर टांगलेल्या बांबूच्या फळीवर जातं. मिरच्या, बांगडे, कपडे. ती कपचीही गेली.

"हात कशाक लावलंस गो? माका तो हळू सुकवूचो हुतो!"

"हळू? पावसात मुद्दाम हळू सुकवणारो तूच एकटो रे जगात."

ती हसली, मी हसलो नाही. उरलेले दिवस मी तिच्यापेक्षा त्या वाटीकडेच जास्त पाहिलं. ते अजून बोचतं.

झाकलेली कपची वाटीसकट पुण्याला नेली. तिथं दोन्ही कपच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या. चुलीवरची म्हणजे ढीग. वाटीखालची म्हणजे ठोकळ्याला ठोकळा लागून दूरवर गेलेल्या रांगा. पाणी असेपर्यंत चुकीचा बसलेला ठोकळा सुटून पुन्हा नीट बसू शकतो. चुलीवरच्यांना तेवढा वेळच मिळाला नव्हता. विषय बदलावा लागला नाही.

दिवाळीत दोन्ही चित्रं आईला दाखवली.

"ही फरशी कोणी बसवली?"

"कोणी नाय. आपसूक बसली."

"आणि ह्यो केर माजो?"

"तुजो नसतो तर माका फरक कळलो नसतो गो."

तिनं चित्र चष्म्याजवळ नेलं, बराच वेळ पाहिलं.

"मगे फुडल्या चवथीक चार दिस आदी ये," ती म्हणाली. "आणि ती वाटी माका परत दी. आमटीक लागता."

पुढच्या चवथीला मी आठवडाभर आधी गेलो. कुपी पुण्यातच ठेवली.