खोकडाला न मानवलेलं कपाट

आमच्या पिंपळे गुरवच्या घरात एक लोखंडी कपाट आहे आणि त्यात माझी एकही साडी नाही. त्यात रानात झाडाला बांधायचे कॅमेरे आहेत, दुर्बिणी आहेत, वटवाघळांचा आवाज ऐकायचं एक यंत्र आहे. माझी भाची कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तिच्याकडे येणाऱ्या पोरापोरींना कोल्ह्यांचा, घुबडांचा अभ्यास करायचा असतो, पण एक कॅमेरा घ्यायचा म्हटलं तर घरचा किराणा बंद होईल. म्हणून तिने आणि तिच्या मैत्रिणींनी वर्गणी काढून हे सामान जमवलं. ज्याला लागेल त्याने न्यावं, काम झालं की आणून द्यावं. ठेवायचं कुठे, एवढाच प्रश्न होता. "मावशी, तुझ्या घरी कायम कुणीतरी असतं," ती म्हणाली. ते कुणीतरी म्हणजे मी. माझी हुशारी बघून निवड केली असं मी शेजारी सांगते, त्यावर जाऊ नका.

तसा मला अनुभव होता. आमच्या बचत गटाची लग्नाकार्याची पातेली, पराती, झारे इतकी वर्षं मीच सांभाळले. पातेलं लख्ख जायचं आणि लख्खच परत यायला हवं, नाहीतर बाईला मी दारातूनच माघारी पाठवायची. तोच खाक्या कॅमेऱ्यांना लावला. आठ दिवस म्हणजे आठ दिवस. परत आला की पुसायचा, बांधायचे पट्टे साबणाने धुवायचे, वाळवून घडी घालून कपाटात ठेवायचे आणि खणाखणात मूठ मूठ डांबरगोळ्या. वाळवी नको, झुरळ नको.

माहितीपुस्तक इंग्रजीत होतं आणि माझी शाळा सातवी. पण चित्रं बघत, अक्षर लावत मी ते वाचलं बरं का. समोरून काही हललं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो, हे समजल्यावर पहिल्यांदा तो स्वयंपाकघरात लावला. त्यात आमचे हे सापडले, लाडवाच्या डब्यात हात घालताना. डॉक्टरांनी गोड बंद केलेला माणूस! तेव्हापासून माझा विज्ञानावर विश्वास बसला.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला चाकणच्या पुढची एक मुलगी कॅमेरे घेऊन गेली. वडील कंपनीत कंत्राटी कामाला. तिच्या गावच्या माळावर खोकडाचं बीळ होतं. खोकड म्हणजे कोल्ह्याचा धाकटा भाऊ समजा, मांजरापेक्षा जरा मोठा, शेपटीचं टोक काळं. शेळ्यांमागे फिरायची तेव्हापासून तिला ते बीळ माहीत. आता कंपन्यांच्या शेड माळाच्या कडेपर्यंत आल्यात, तरी ते तिथेच राहतंय, असं तिचं म्हणणं. तिच्या सरांचं म्हणणं दुसरं. बिळात खोकड आहे याचा फोटो महिनाअखेरपर्यंत आणा, नाहीतर विषय बदला, कॉलेजच्या बागेतली फुलपाखरं मोजा.

आठ दिवसांनी ती आली आणि पाणीसुद्धा न पिता बसून राहिली.

"न्हाई आलं का गं?" मी विचारलं.

"येतंय आजी. पर हे बघा."

लांबवर अंधारात दोन कान. पुढच्या फोटोत नाक वर केलेलं. त्याच्या पुढच्या फोटोत शेपूट. रोज रात्री हाच प्रकार. बिळापाशी म्हणून यायचं नाही. ओळखू येईल असा एकही फोटो नव्हता.

आमचे हे कंपनीत तपासणी खात्यात होते. माल परत आला की कारण शोधायची खोड अजून गेलेली नाही. त्यांनी चष्मा लावून कॅमेरा उलटासुलटा केला, मग पट्टा नाकाला लावला आणि डोळे मिटले.

"सापडलं. अगं, तुझ्या कपाटाजवळ टांगलेला शर्ट घालून मी कट्ट्यावर गेलो की माणसं सरकून बसतात. ते तर बिचारं जनावर आहे."

मुलीने पट्टा हुंगला. आधी ती हसली आणि मग हसायची थांबली. "आजी, त्याला नाकानंच सगळं कळतंय. आता पिल्लांचे दिवस. त्यांच्यापाशी असला वास आला तर ती आई बिळाला कशी येईल?"

"डांबरगोळीला आजवर कुणी नाव ठेवलं नाही," मी म्हणाले. तोंड चालू होतं, पण पट्टा मी पदराआड केला. या पोरीचा अख्खा विषय मी स्वच्छतेने मारला होता.

कॅमेरे पुढच्या आठवड्यात एका मुलाला कबूल केलेले. त्याला मी मागे कॅमेऱ्यावर चिखल दिसला म्हणून दारात उभा ठेवला होता. आता त्यालाच फोन केला.

"आजी, नियम म्हणजे नियम, असं कोण म्हणालं होतं हो?"

"मीच म्हणाले होते बाबा. लोक काहीही बोलतात."

तो इतका हसला की मी फोन कानापासून लांब धरला. पाळी मात्र सोडली. पुरणपोळीच्या बोलीवर.

मग मी तिच्याबरोबर चाकणला गेले. तिच्या घरी पोचल्या पोचल्या पोरगी म्हणाली, "आजी, तुमच्या साडीला बी हाय तो वास." तिच्या आईची नुसत्या पाण्यात पिळलेली साडी मला नेसवली. पट्टे हौदाच्या पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळले आणि माळावर गेल्यावर तिने ते माझ्या हातात दिले.

"आता मातीत लोळवा."

"मी?"

"गोळ्या कुणी टाकल्या?"

जन्मभर भांडी घासलेल्या बाईला चांगली धुतलेली वस्तू मातीत लोळवायला लावणं म्हणजे काय, ते पुरुषांना कळायचं नाही. लोळवले. तिने कॅमेरा बाभळीच्या खोडाला बांधला आणि म्हणाली, "आता खोकडाएवढं खाली कुणीतरी चालून दाखवाय पायजे. म्हंजी त्याला दिसतंय का ते कळंल."

कुणीतरी म्हणजे परत मीच. पदर खोचला आणि गुडघे नि हात टेकून बिळासमोरून निघाले. शेडच्या भिंतीवरून तिथला वॉचमन डोकावला.

"ओ मावशी, काही हरवलं का?"

"व्हय! अक्कल!"

"सापडली तर सांगा, आमच्या सुपरवायझरला बी पायजे."

घरी आल्यावर आठ दिवस मी कपाटातल्या सामानाला फडकं लावलं नाही. डांबरगोळ्या पिशवीत बांधून गॅलरीत टाकल्या, तर हे म्हणाले, आता शेजारी सरकून बसतील.

मुलगी आली ती जिन्यातूनच हाका मारत. लॅपटॉप उघडला. पहिल्या फोटोत मी. चेहरा नाही, उलट बाजू, आणि ती बाजू कॅमेऱ्याला जेमतेम मावलेली. ह्यांना हसता हसता ठसका लागला. दुसऱ्या फोटोत खोकड, माझ्या गुडघ्यांनी माती जिथे सरकवली होती तिथे नाक लावून उभं. आता फिरणार मागे. ती पुढचा फोटो लावेना.

"अगं, लाव की!"

तिने लावला. खोकडीण बिळाच्या तोंडाशी आडवी झाली होती आणि दोन पिल्लं तिच्या अंगावर चढत होती. एकाने तिचा कान धरला होता.

तिने तिथूनच सरांना फोटो पाठवले. पाच-दहा मिनिटं आम्ही तिघं त्या फोनकडे बघत बसलो. फोन वाजला तशी ती उठून उभी राहिली. "व्हय सर. व्हय. न्हाई, बदलायचा न्हाई ना आता? व्हय सर." मग तिने माझ्याकडे बघितलं, ओठ दाताखाली धरला आणि फोनवर हात ठेवला.

"आजी, विषय राहिला. पर सर म्हणत्यात, तो पहिला फोटो पुस्तकात घ्यायचाच. खोकडाची उंची मोजायला त्याच जागी मापाचं काहीतरी लागतंय, ते मुद्दाम ठेवलंय असं वाटलं त्यांना. घेऊ का?"

"मापात बसत असेल तर घे," मी म्हणाले.