खिडकीच्या सेक्शनचा कॉकपिट

स्वस्तातला कॉकपिट निवडताना सगळ्यात मोठा अडथळा बायकोचा भाऊ ठरू शकतो, हे यूट्यूबवरच्या व्हिडिओवाल्यांपैकी एकही जण सांगत नाही.

कॉकपिट म्हणजे एक सांगाडा. त्यावर गाडीची सीट, पुढे स्टिअरिंग, खाली पेडल, आणि समोरच्या स्क्रीनवर शर्यत. नालासोपाऱ्यात गाडी घेतली तर ठेवायला जागा नाही आणि ठेवली तर चालवायला रस्ता नाही, म्हणून मी ती रविवारी सकाळी हॉलमध्ये चालवतो. यात हसण्यासारखं काही नाही. तरी लोक हसतात.

आधी स्टिअरिंग जेवणाच्या टेबलाला आवळलेलं होतं. वळण आलं की टेबल हलायचं, ब्रेक दाबला की खुर्ची मागे जायची. मी पर्याय लिहून काढले. घडीचा कॉकपिट इस्त्रीच्या टेबलासारखा डुलतो, रद्द. लोखंडी पाइपचा, वेल्डिंग केलेला लिफ्टमध्ये मावत नाही आणि माप चुकलं की कायमचं चुकतं, रद्द. उरला ॲल्युमिनियम प्रोफाइलचा. या जाड दांड्यांना चारी बाजूंनी खाच असते. खाचेत नट सरकवायचा, हवं तिथे बोल्ट आवळायचा. तयार किट महाग, त्यामुळे दांडे इथेच कापून घ्यायचे आणि सीट भंगारातून आणायची. विषय संपायला हवा होता.

पण मेहुण्याचं तुळिंजला सरकत्या खिडक्यांचं दुकान आहे, ॲल्युमिनियमच्या. बायकोपेक्षा मोठा, एकुलता एक भाऊ. सासू-सासरे गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे त्या दुकानामागचं घर. आणि नात्यातल्या माणसाचा धंदा असताना माल बाहेरून आणणं म्हणजे आमच्यात उघड भांडण.

“ॲल्युमिनियम लागतंय आणि मला सांगितलं नाहीत?” तो दारातूनच म्हणाला.

“ते वेगळं असतं.”

“ॲल्युमिनियम ते ॲल्युमिनियम, भाऊजी. अर्ध्या तुळिंजच्या खिडक्या मी बसवल्यात.”

“खिडकीवर कोणी ब्रेक मारत नाही.”

“आणि जुलैतला वारा काय कुरवाळतो तिला?”

मी सांगितलं नसताना त्याने टेप काढून मापं घेतली. निघताना बहिणीला म्हणाला, “बाहेरून आणलंत, तर भाऊबीजेला माझी वाट बघू नकोस.” हे तो हसत म्हणाला. तो हसत बोलतो तेच खरं असतं.

“ऐकलंत ना?” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

“ऐकलं.”

“मग करू दे त्याला.”

करू दिलं. पुढच्या रविवारी तो टेम्पोतून तयार सांगाडा घेऊन आला. खिडकीच्या सेक्शनचा, म्हणजे चौकटीच्या पट्ट्यांचा, तपकिरी रंगाचा, कोपरे सफाईने जोडलेले, रिव्हेट मारलेले. दिसायला झकास. मी पेडल बसवले, बसलो, ब्रेक दाबला. सांगाडा कमरेत वाकला आणि एक रिव्हेट उडून टीव्हीखाली गेला.

“केवढ्या जोरात दाबता तुम्ही.”

“ब्रेक आहे तो.”

“अहो, खेळणं आहे. खेळण्याला खेळण्यासारखं दाबा.”

मी त्याला शांतपणे समजावलं. खिडकीचं सेक्शन पोकळ असतं, पातळ असतं, आणि खिडकीला मुळात भिंत धरून ठेवते. याला धरायला भिंत नाही.

“मग भिंतीला ठोकून देतो,” म्हणत त्याने ड्रिल उचललं. मी ड्रिलचा प्लग काढला.

“तुझा नवरा मला धंदा शिकवतोय,” तो बहिणीला म्हणाला आणि ड्रिलची वायर गुंडाळून गेला. चहा तसाच राहिला.

मी वालीवला गेलो. तिथे एका गाळ्यात अशाच प्रोफाइलमधून मशीनच्या फ्रेमा बनवतात. खालच्या बाजूला रुंद दांडे, वर अरुंद, असा नकाशा दिला, समोर उभं राहून कापून घेतलं. नट प्रत्येक दांड्याच्या खाचेत घालून पाहिला, कारण “बसतो हो” म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास उरला नव्हता. सुटीच्या एका दिवसात सगळं उभं राहिलं. ब्रेकवर पूर्ण वजन टाकलं तरी काही हललं नाही. तपकिरी सांगाडा त्याच्या दुकानावर परत पाठवला. ते करायला नको होतं, असं बायको म्हणते. मग तो ठेवणार कुठे होतो?

त्यानंतर तिने भावाला केलेला प्रत्येक फोन वहिनीच उचलायची. दादा साइटवर आहे, दादा जेवतोय, दादा झोपलाय. दिवाळीच्या तोंडावर बायको माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“तुम्हाला ब्रेक मिळाला. आता मला भाऊ आणून द्या.”

मी फोन केला नाही. चूक माझी नव्हती. पाडव्याच्या संध्याकाळी ती एकटीच तुळिंजला जाऊन आली. तिथे काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

भाऊबीजेला तो आला. माझ्याकडे न बघता चपला काढल्या, मांडलेला पाट ओलांडला आणि सरळ कॉकपिटपाशी गेला. दांडा वाजवून पाहिला. एक बोल्ट बोटांनी फिरवून पाहिला. मग सीटमध्ये बसला आणि ब्रेकवर असा पाय मारला, जसं काही त्याला ते मोडायचंच होतं. काही झालं नाही. पुन्हा मारला. मग दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, दात आवळून दाबत राहिला.

बायको ओवाळणीचं तबक घेऊन बाहेर आली. पाटाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं.

“दादा, आता उठू नकोस.”

“पाट तिकडे आहे ना?”

“असू दे. बसलायस तिथेच बस.”

मधे स्टिअरिंग येत होतं. तिने बाजूने वाकून त्याला टिळा लावला, ओवाळलं, तोंडात साखर घातली. तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र करडाच होता. त्याने खिशातलं पाकीट तबकात ठेवलं.

“तुझ्या नवऱ्याला सांग,” मी हातभर अंतरावर उभा असताना तो म्हणाला, “सीटचा कोन चुकलाय. पाठ जाईल त्याची.”

“तुझ्या भावाला सांग, कोन बरोबर आहे.”

“तुमचं तुम्ही बघा,” ती म्हणाली. “मला पुऱ्या तळायच्यात.”

 पुऱ्या येईपर्यंत त्याने ब्रेकवरचा पाय काढला नाही.