करवतीचा गोठा

आमचे शेजारी भाऊ घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हौसेनं सुतारकाम करतात. आमच्या कपाटाचं दार त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. पण प्लायवूड सरळ कापायचं तर पट्टीवरून धावणारी, बॅटरीवरची करवतच पाहिजे, असं म्हणाले. तेव्हापासून ते करवत निवडत होते आणि बिनदाराच्या कपाटातल्या आमच्या ताटवाट्या पडद्याआड होत्या.

जवळा बाजारच्या बैलबाजारात बैल बघावा तशी ते करवत बघत. पुढून, मागून, मग दोन पावलं लांब उभं राहून. दुकानदार बोलू लागला की त्याला थांबवत. "त्ये राहू द्या. हिला कामाला लावून दाखवा." एकदा तर घरून फळी घेऊन गेले.

परवा करवत आली. वहिनींनी तिला हळदकुंकू लावलं. मी आशेनं शेडमध्ये गेलो, तर भाऊ जुन्या हातकरवतीनं प्लायवूड कापत बसलेले. नव्या करवतीला ठेवायला पेटी बनवणं चाललं होतं. कापलेल्या कडेवरून मी बोट फिरवलं. कड अगदी सरळ, दोरीत होती.

"भाऊ, अन् आमचं दार?"

त्यांनी मान वर केली नाही.

"नवा बैल आल्या आल्या जुंपतेत व्हय? आदी गोठा तर होऊ द्या."