चादरीचं दुसरं टोक

समोरच्या गच्चीवर एक गृहस्थ भिजलेली सोलापुरी चादर पिळत होते. एकटेच. चादरीचं एक टोक त्यांनी कठड्याला बांधलं आणि दुसरं हातात धरून पीळ दिला. पाणी गळायला लागलं तसे ते स्वतःशीच हसले.

मी सकाळपासून कोऱ्या कागदासमोर बसलोय. बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली आहे, आणि येणाऱ्या नातवंडासाठी लेकीच्या जन्माची गोष्ट लिहून ठेवायची असं मी ठरवलंय. तोंडी ती इतक्यांदा सांगितली आहे की पाहुणे हल्ली चहा संपायच्या आत उठतात. लिहायला मात्र जमेना. सांगताना दुसरं टोक बायकोच्या हातात असतं. "अहो, रिक्षा कुठली? दुधाच्या टेम्पोतून गेलो आपण," असं ती स्वयंपाकघरातून म्हणते, आणि मग गोष्टीला पीळ बसतो. कागद काहीच म्हणत नाही. माझ्या थापाही मुकाट ऐकून घेतो.

शेवटी मी लिहिलं, 'त्या दिवशी मी अजिबात घाबरलो नव्हतो.' सवयीने थांबलो. आत फ्रीज तेवढा घरघरत होता. मग मीच खाली लिहिलं, 'अहो, पांढरेफटक पडला होतात. नर्सने पाणी आधी तुम्हाला पाजलं.'

त्यानंतर हात थांबलाच नाही. पान भरलं तेव्हा मीही स्वतःशीच हसलो आणि कुणाला तरी दाखवावं म्हणून मान वर केली. गच्चीवर चादर वाळत होती. गृहस्थ कधीच आत गेले होते.